एन१०० च्या छोट्या मदरबोर्डवर घरचा फायरवॉल राउटर: सामान घेण्यापासून कॅमेरे वेगळे काढण्यापर्यंत

फायबरवाल्याने दिलेला राउटर वाईटच असतो असं नाही, पण तो तुमचा नसतो. त्याचं सॉफ्टवेअर कधी अपडेट करायचं ते कंपनी ठरवते, लॉगिन मिळालं तरी निम्म्या सेटिंग लपवलेल्या असतात, आणि घरातला टीव्ही, ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला कॅमेरा, ऑफिसचा लॅपटॉप, पोरांचे मोबाइल असे सगळे एकाच पंगतीत बसवलेले असतात. कॅमेऱ्यात कोणी घुसलं तर तिथून लॅपटॉपपर्यंत मध्ये एकही दार नाही. २०१६ मध्ये मिराई नावाचं बॉटनेट (ताब्यात घेतलेली उपकरणं एका हुकमावर चालवणारं जाळं) गाजलं होतं ते असल्याच कॅमेऱ्यांचं नि डीव्हीआरचं होतं, कंपनीतून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता एवढंच त्याचं भांडवल, आणि त्या जोरावर ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडखळत होत्या.

तर हा लेख घरच्या घरी कमी वीज खाणाऱ्या छोट्या बोर्डावर स्वतःचा फायरवॉल राउटर (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा नेटवर्कचा दरवान) कसा उभा करायचा त्याबद्दल आहे. नेटवर्किंगमध्ये डिग्री नको, पण कॉम्प्युटर उघडून रॅम बसवायची भीती वाटत नसावी आणि एखादा रविवार मोकळा पाहिजे, घरातल्यांना आधी सांगून ठेवा की दुपारी दोन-तीन तास नेट नसेल.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण यात सगळे चुकीच्या जागी पैसे घालतात. लोक प्रोसेसर कुठला घ्यायचा यावर महिनाभर डोकं फोडतात आणि नेटवर्क कार्ड मिळेल ते घेतात. घरच्या १०० ते १००० एमबीपीएसच्या लाइनला आजचा कुठलाही छोटा प्रोसेसर पुरतो. त्रास देतं ते नेटवर्क कार्ड, आणि आपल्याकडे त्याच्या जोडीला वीज. या दोन गोष्टी नीट केल्या तर डबा वर्षानुवर्षं गपगुमान चालतो.

बोर्ड कुठला

मिनी-आयटीएक्स हा १७ बाय १७ सेंटिमीटरचा आकार व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला, आणि तेव्हापासून हौशी लोक त्यावर फायरवॉल बांधतायत. नंतर स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचे बोर्ड आले, आधी ॲलिक्स मग एपीयू, त्यावर मोनोवॉल आणि पुढे पीएफसेन्स ही फायरवॉलची सॉफ्टवेअर चालवणारी एक अख्खी पिढी होती. एपीयूचा काळ आता संपला, सेकंडहँड कुठे मिळाला तरी त्याचा १ गिगाहर्ट्‌झचा एएमडी प्रोसेसर गिगाबिट लाइनवर धापा टाकतो, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका.

आज सरळ उत्तर म्हणजे इंटेल एन१००. जानेवारी २०२३ मध्ये आला, चार कोर, ६ वॅटचा, ३.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढतो आणि एईएस-एनआय (एन्क्रिप्शन झटपट करणारी सोय) आहे त्यामुळे ओपनव्हीपीएनसारखी एईएस वापरणारी व्हीपीएन चालवली तरी दमत नाही. तो घ्यायचे दोन मार्ग. एक म्हणजे चार २.५ गिगाबिट पोर्टवाले चिनी तयार डबे, ज्यात इंटेल आय२२६-व्ही कंट्रोलर असतो. चांगले असतात, फक्त आय२२५-व्ही लिहिलेला जुना माल घेऊ नका, त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये २.५ गिगाबिटवर पॅकेट गळायचा हार्डवेअरचाच दोष होता. या डब्यांची अडचण अशी की बायोस अपडेट कुठून आणायचा आणि बिघडला तर कोणाकडे न्यायचा याला उत्तर नसतं.

दुसरा मार्ग, जो मी इथे धरून चालतोय, तो म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा सुटा बोर्ड. ॲझरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स घ्या. प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेला, वर नुसता हीटसिंक, पंखा नाही, आणि मुख्य म्हणजे पॉवर सप्लायचा डबाच लागत नाही, मागे १९ व्होल्टची गोल पिन आहे, लॅपटॉपचा ॲडॅप्टर लावायचा की झालं. घरात जुना १९ व्होल्ट ६५ वॅटचा ॲडॅप्टर पडलेला असतोच, फक्त व्होल्टेज वाचा आणि पिनचा आकार जुळतो का ते बघा, जबरदस्ती करून घुसवू नका. रॅमचा एकच स्लॉट आहे आणि तो डेस्कटॉपच्या लांब डीडीआर४ रॅमचा आहे, लॅपटॉपची रॅम यात बसत नाही. असूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ पण चालला असता पण त्याचा पीसीआयई स्लॉट (जादा कार्ड लावायची खाच) एका लेनचा, म्हणजे डेटाच्या एकाच वाटेचा आहे, चार पोर्टचं कार्ड लावायला तो तोकडा पडतो.

नेटवर्क कार्ड, इथे कंजूषी नको

बोर्डावर एकच लॅन पोर्ट आहे आणि तो रिअलटेकचा. आपण जे सॉफ्टवेअर टाकणार आहोत ते फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि फ्रीबीएसडीचं रिअलटेकशी कधीच धड जमलं नाही, चालतं चालतं आणि लोड आला की लिंक पडते, मग माणूस बसतो फायबरवाल्याला शिव्या देत. म्हणून त्या पोर्टला मोकळं सोडा आणि स्लॉटमध्ये इंटेल आय३५०-टी४ लावा. चार गिगाबिट पोर्ट, २०११ पासूनचं डिझाइन, ड्रायव्हर इतका मुरलेला की त्याच्याकडे परत बघावं लागत नाही. बोर्डाचा स्लॉट दिसायला चार लेनचा, आतून दोनच लेन चालू, पण दोन लेनवरही चारही गिगाबिट पोर्ट एकदम भरून वाहतील इतकी जागा आहे, काळजी नको.

ही कार्डं जुन्या सर्व्हरमधून काढलेली मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेकडे सर्व्हरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारा, ऑनलाइनही भरपूर आहेत. डेल, एचपीचा शिक्का असलेलं वापरलेलं कार्ड हे "एकदम नवीन, सीलपॅक" म्हणून मातीमोल विकल्या जाणाऱ्या कार्डापेक्षा केव्हाही बरं, कारण आय३५० च्या नकला बाजारात ढिगाने आहेत. आणि मागची लोखंडी पट्टी बघा, लांब का आखूड, केस बुटकी असेल तर आखूड पट्टी लागते आणि ती नंतर शोधत बसलात तर कार्डापेक्षा पट्टीचाच ताप जास्त होतो.

बाकी सामान झटपट: ८ जीबी रॅम, १२८ किंवा २५६ जीबीची एम.२ एनव्हीएमई एसएसडी (मोठी घेऊन काही फायदा नाही), जाळीवाली मिनी-आयटीएक्स केस, एक पेनड्राइव्ह. स्क्रीन नि कीबोर्ड फक्त इन्स्टॉल करताना, घरातला टीव्ही एचडीएमआयवर लावला तरी चालतो. वायफाय कार्ड या डब्यात घालायचं नाही, फ्रीबीएसडीवर वायफाय म्हणजे दुखणं विकत घेणं आहे, वायफायसाठी जुना राउटर वापरायचाय, ते पुढे येतं.

विजेचा हिशोब

"त्यापेक्षा माळ्यावरचा जुना डेस्कटॉप वापरतो ना" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी. जुना डेस्कटॉप नुसता बसून साधारण ६० वॅट खातो, म्हणजे वर्षाला ५२५ युनिट. हा बोर्ड कार्डासकट १५ वॅट धरला तरी १३१ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला तीन हजारांच्या वर फरक, आणि तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये असाल तर अजून जास्त. राउटर रात्रंदिवस चालतो, म्हणून इथे एकेक वॅट मोजायचा.

जोडणी आणि बायोस

जोडणीत सांगण्यासारखं फार नाही. रॅम, एसएसडी, कार्ड बसवा, केसमध्ये घालायच्या आधी टेबलावरच पुठ्ठ्यावर ठेवून चालू करून बघा. चालू झाल्यावर एफ२ दाबून बायोसमध्ये जा. तिथे एक सेटिंग विसरायचीच नाही: ॲडव्हान्स्ड मध्ये चिपसेट कॉन्फिगरेशन, त्यात "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस", ते पॉवर ऑन करा. नाहीतर लाइट जाऊन आली की डबा मेल्यासारखा पडून राहतो आणि तुम्ही गावाला असलात तर घरच्यांना फोनवर बटण कुठलं ते सांगत बसावं लागतं. चिनी डब्यांच्या बायोसमध्ये हीच गोष्ट "स्टेट आफ्टर जी३" अशा गूढ नावाने असते, तिथे एस० निवडायचं. सेटिंग केल्यावर खरोखर वायर काढून परत लावून बघा, नुसतं वाचून विश्वास ठेवू नका.

गरम होण्याबद्दल. पंखा नाही म्हणजे हवा खेळती पाहिजे. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतच ३८-४० डिग्री असते, तिथे टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात हा डबा कोंबला तर प्रोसेसर ओरडणार नाही, स्वतःचा वेग कमी करेल आणि तुम्हाला वाटेल नेट स्लो आहे. आय३५० पण चांगलंच तापतं. उघड्या फळीवर ठेवा, किंवा एक मोठा हळू फिरणारा पंखा केसला लावून टाका.

सॉफ्टवेअर: ओपीएनसेन्स

पीएफसेन्स, ओपीएनसेन्स, ओपनडब्ल्यूआरटी हे तीन मुख्य पर्याय. मोनोवॉलमधून २००४ मध्ये पीएफसेन्स फुटलं, त्यातून २०१५ मध्ये ओपीएनसेन्स, जे नेदरलँड्सची डेसिसो कंपनी सांभाळते. दरवर्षी जानेवारी आणि जुलैत मोठी आवृत्ती येते, मधल्या काळात छोटी अपडेट येत राहतात, मेनू समजायला सोपा आहे आणि डाउनलोड करायला कुठे खातं उघडावं लागत नाही. मी हेच सुचवीन. ओपनडब्ल्यूआरटी पण दमदार आहे पण फायरवॉलचे नियम पहिल्यांदा शिकताना ओपीएनसेन्सच्या पडद्यावर गोष्टी लवकर कळतात.

साइटवरून एएमडी६४ घ्या (इंटेललाही तेच, नावावर जाऊ नका) आणि प्रकार व्हीजीए निवडा. फाइल बीझेड२ मध्ये आवळलेली येते, सेव्हन-झिपने सोडवा आणि रूफसने किंवा बलेना एचरने पेनड्राइव्हवर लिहा. त्याआधी साइटवर दिलेला एसएचए-२५६ आकडा आपल्या फाइलशी जुळवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि घराचं दार बसवताना कुलूप तरी तपासून घ्यावं.

पेनड्राइव्ह लावून एफ११ ने बूट मेनू काढा. तो आधी लाइव्ह चालू होतो, लॉगिन मागेल तिथे "इन्स्टॉलर" आणि पासवर्ड "ओपीएनसेन्स", दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत. कीमॅप आहे तो राहू द्या, इन्स्टॉल झेडएफएस निवडा, एकच डिस्क आहे म्हणून स्ट्राइप, मग यादीतल्या एसएसडीवर स्पेसबार दाबून खूण करा (नुसतं एंटर दाबलं तर पुढे जात नाही आणि इथे बरेच जण अडकतात), होय म्हणा, रूटचा पासवर्ड टाका. झेडएफएस का तर लाइट अचानक गेली की जुनी यूएफएस फाइलसिस्टिम कधीकधी रडते, झेडएफएस सावरून घेते. आपल्याकडे हे कारण पुरेसं आहे.

पोर्ट नेमून देणं

रीबूट झाल्यावर काळ्या पडद्यावर मेनू येतो, ० ते १३ आकड्यांचा. हा मेनू लक्षात ठेवा, वेबपेज उघडेनासं झालं तर हाच तारणहार. १ दाबा, असाइन इंटरफेसेस. एलएजीजी (अनेक पोर्ट एकत्र बांधणं) आणि व्हीलॅन (एकाच वायरीतून वेगवेगळी नेटवर्क) विचारेल, दोन्हीला नाही. मग व्हॅन (बाहेर इंटरनेटकडे जाणारा पोर्ट) कुठला विचारतो. आय३५० चे पोर्ट आयजीबी० ते आयजीबी३ असे दिसतील आणि बोर्डावरचा रिअलटेक आरई०. कुठलं भोक म्हणजे आयजीबी० हे बाहेरून कळत नाही, त्यासाठी "ए" दाबा, तो सांगेल तेव्हा एका पोर्टात वायर खुपसा, लिंक आली की तो स्वतः ओळखतो. ओळखलं की लगेच मार्करने पोर्टाजवळ लिहून टाका: बाहेर, घर, कॅमेरे, रिकामा.

आता २ दाबा आणि लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता बदला. मुळात तो १९२.१६८.१.१ असतो, आणि फायबरवाल्याच्या डब्याचाही बहुतेक वेळा तोच असतो, दोन्हीकडे एकच पत्ता असला की काहीच चालत नाही आणि कारण सापडत नाही. म्हणून १९२.१६८.१०.१ द्या, सबनेट २४, गेटवे रिकामा सोडून एंटर, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) चालू, रेंज १९२.१६८.१०.५० ते १९२.१६८.१०.२००. ५० च्या खालचे पत्ते प्रिंटर, एनएएस वगैरेंना हाताने द्यायला मोकळे राहतात.

लॅपटॉप "घर" पोर्टला लावा, ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून तो पत्ता उघडा. सर्टिफिकेटबद्दल ब्राउझर बोंब मारेल, ते सर्टिफिकेट डब्याने स्वतःच बनवलेलं असतं, पुढे जा. विझार्डमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता करा. पुढचं पान व्हॅनचं, आणि खरी मेहनत तिथे आहे.

फायबरवाल्याशी जुळवून घेणं

इथे प्रत्येकाचं वेगळं असतं. तीन प्रकार नेहमी भेटतात.

पहिला, गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट किंवा जिथे पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून लागणारं कनेक्शन) असतं तिथे. व्हॅनचा प्रकार पीपीपीओई करा, जुन्या राउटरमधला युजरनेम-पासवर्ड टाका. पासवर्ड माहीत नसेल तर फोन करून मागून घ्या, राउटर रीसेट करायच्या आधी. बरेच छोटे ऑपरेटर कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (पोर्टाच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवतात, सगळं बरोबर असूनही लिंक लागत नसेल तर जुन्या राउटरच्या तळाशी चिकटवलेला मॅक बघून व्हॅनच्या पानावर मॅक ॲड्रेसच्या रकान्यात तोच टाका, किंवा ऑपरेटरला नवीन मॅक कळवा. काही ठिकाणी व्हीलॅन टॅग पण लागतो, तो आकडा पण त्यालाच विचारायचा. पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) १४९२ असतो हे लक्षात असू द्या, काही साइट उघडतात आणि काही अर्धवट लटकतात असं झालं तर पहिला संशय तिथे घ्या आणि व्हॅनच्या पानावर एमएसएसच्या (पॅकेटमधल्या मजकुराच्या मर्यादेच्या) रकान्यात १४९२ लिहून बघा, ओपीएनसेन्स हेडरचे ४० त्यातून स्वतः वजा करून १४५२ लावतो.

पीपीपीओईबद्दल अजून एक. फ्रीबीएसडीमध्ये येणारी सगळी पीपीपीओई रहदारी एकाच कोअरवर पडायची खोड आहे. १००-२०० च्या लाइनला कळतही नाही, पण वरच्या प्लॅनला वेग कमी वाटला तर सिस्टिम – सेटिंग्ज – ट्यूनेबल्स मध्ये नेट.आयएसआर.डिस्पॅच हे "डिफर्ड" करा आणि नेट.आयएसआर.मॅक्सथ्रेड्स वजा १ करा, रीबूट.

दुसरा प्रकार, मोठ्या कंपनीचा डबा जो ब्रिज मोडमध्ये (त्याने फक्त लाइन पुढे द्यायची, राउटरचं काम आपला डबा करणार) टाकून मिळतो. मागा, आग्रहाने मागा. कस्टमर केअरच्या माणसाला ब्रिज मोड म्हणजे काय ते ठाऊक नसतं, लाइनमन येतो त्याला बहुधा ठाऊक असतं.

तिसरा, ब्रिज मिळतच नाही. मग त्यांचा डबा तसाच ठेवा, त्याचं वायफाय बंद करा, आणि आपला फायरवॉल त्याच्या मागे व्हॅन डीएचसीपी करून लावा. यात पत्ता दोनदा बदलतो, लोक त्याला डबल नॅट म्हणून नाकं मुरडतात, पण रोजच्या वापरात, व्हिडिओ कॉल, ओटीटी, ऑफिसच्या व्हीपीएनला काही फरक पडत नाही. "ब्लॉक प्रायव्हेट नेटवर्क्स"ची खूण तशीच ठेवली तरी घरातून बाहेर जाणारं नेट अडत नाही, कारण फायरवॉल आतून सुरू झालेल्या संवादाचं उत्तर ओळखून आत घेतो.

नेट लागलं की पहिलं काम सिस्टिम – फर्मवेअर – स्टेटस, अपडेट शोधा, घ्या. मग प्लगिनमधून ओएस-सीपीयू-मायक्रोकोड-इंटेल टाका. आणि सिस्टिम – सेटिंग्ज – मिसलेनियस मध्ये थर्मल सेन्सर इंटेल कोअर करा म्हणजे तापमान दिसायला लागेल.

वायफायसाठी जुना राउटर

जुन्या वायफाय राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय देण्याचा) असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१०.२ असा पत्ता द्या, आणि फायरवॉलच्या "घर" पोर्टातून येणारी वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा, व्हॅनमध्ये नाही. झाला तो ॲक्सेस पॉइंट. वायफायचं नाव-पासवर्ड जुनंच ठेवलं तर घरातल्या कोणाला काही बदललंय हे कळतही नाही, आणि घरात शांतता राहते.

कॅमेरे, टीव्ही वेगळे काढणं

इतका खटाटोप यासाठीच केला. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की व्हीलॅन करा, मॅनेज्ड स्विच घ्या, व्हीलॅनवाला ॲक्सेस पॉइंट घ्या. माझं म्हणणं, आपल्याकडे चार पोर्ट आहेत, आधी पोर्ट वापरा. तिसऱ्या पोर्टाला दुसरा एखादा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून लावा, त्याला वेगळं वायफाय नाव, आणि टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट प्लग, पाहुण्यांचे मोबाइल तिकडे. वायरच वेगळी, गोंधळायला जागाच नाही. मजल्यांचं घर असेल आणि एकाच वायरीतून दोन नेटवर्क न्यायची असतील तेव्हा व्हीलॅन शिका.

इंटरफेसेस – असाइनमेंट्स मधून आयजीबी२ जोडा, नाव "कॅमेरे" म्हणजे इंग्रजीत जे सुचेल ते, चालू करा, स्टॅटिक पत्ता १९२.१६८.३०.१, सबनेट २४ (ही खालची यादी मुळात ३२ वर असते, ती बदलायची राहिली तर एकालाही नेट मिळत नाही). त्या इंटरफेसवर डीएचसीपी चालू करा, आवृत्तीनुसार तो डीएनएसमास्कमध्ये किंवा कीआमध्ये सापडेल.

आता नियम. नवीन पोर्टावर एकही नियम नसतो आणि नियम नाही म्हणजे सगळं बंद. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडला की तिथेच थांबतात, त्यामुळे क्रम हाच सगळा खेळ आहे. फायरवॉल – रूल्स मध्ये त्या इंटरफेसवर चार नियम या क्रमाने:

१. पास: टीसीपी/यूडीपी, या नेटवर्ककडून "धिस फायरवॉल" कडे, पोर्ट ५३. डीएनएस चालायला.
२. ब्लॉक: या नेटवर्ककडून "धिस फायरवॉल" कडे, सगळं. म्हणजे टीव्हीवरून कोणाला फायरवॉलचं लॉगिन पान उघडता येणार नाही.
३. ब्लॉक: या नेटवर्ककडून "लॅन नेट" कडे, सगळं. लॉग करा ही खूणही करा.
४. पास: या नेटवर्ककडून कुठेही.

डबल नॅटवाल्यांनी तिसऱ्याच्या खाली फायबरवाल्याच्या डब्याचा पत्ता पण ब्लॉक करावा.

उलट बाजूने, म्हणजे लॅनकडून कॅमेऱ्यांकडे जायला लॅनचा मूळचा "सगळं पास" नियम पुरतो, त्यामुळे मोबाइलवरून कॅमेरा बघता येतो पण कॅमेऱ्याला तुमच्यापर्यंत येता येत नाही. फक्त मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट करणं बंद पडतं कारण ते एकमेकांना शोधायला एमडीएनएस वापरतात आणि ते एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाही. ओएस-एमडीएनएस-रिपीटर प्लगिन टाकून दोन्ही इंटरफेस निवडले की बहुतेक वेळा जमतं. नाहीच जमलं तर टीव्हीचा रिमोट आहेच.

तपासून बघा. मोबाइल त्या वेगळ्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.२ उघडायचा प्रयत्न करा, उघडता कामा नये. त्याच वेळी लॅपटॉपवर फायरवॉल – लॉग फाइल्स – लाइव्ह व्ह्यू उघडून ठेवा, लाल ओळी सरकताना दिसतील. चौथ्या नियमावरही लॉगची खूण करून तासभर तसंच बघत बसलात तर तुमचा टीव्ही बंद असताना पण कुठे कुठे बोलत असतो ते कळतं, आणि मग डीएनएसची पाळी येते.

जाहिराती आणि हट्टी टीव्ही

सर्व्हिसेस – अनबाउंड डीएनएस – ब्लॉकलिस्ट. चालू करा, यादीतली एकच मध्यम यादी निवडा. पहिल्याच दिवशी सगळ्या याद्या लावल्या की बँकेचं ॲप चालत नाही, मुलांच्या शाळेचं ॲप चालत नाही, आणि सगळ्याचा दोष त्या नवीन डब्यावर येतो. काही अडलं तर तिथेच व्हाइटलिस्टचा रकाना आहे.

काही टीव्ही आणि कॅमेरे तुम्ही दिलेला डीएनएस मानत नाहीत, थेट गूगलच्या ८.८.८.८ ला विचारतात. त्यांच्यासाठी फायरवॉल – नॅट – पोर्ट फॉरवर्ड मध्ये कॅमेरे इंटरफेसवर, टीसीपी/यूडीपी, कुठेही जाणारं पोर्ट ५३, ते १२७.०.०.१ च्या ५३ वर वळवा. बिचाऱ्याला वाटतं गूगलशी बोलतोय, उत्तर आपला डबा देतो. पोर्ट ८५३ (एन्क्रिप्ट केलेल्या डीएनएसचा) पण त्या नेटवर्ककडून बंद करा.

बाहेरून घरात यायचं असेल तर

व्हॅनचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला, आणि बाहेरून पोर्ट उघडून काही उपयोग नाही. तीन वाटा: पैसे देऊन स्टॅटिक आयपी, टेलस्केल या व्हीपीएन सेवेचं प्लगिन, किंवा आयपीव्ही६ मिळत असेल तर त्यावर वायरगार्ड व्हीपीएन, जो ओपीएनसेन्समध्ये आतच येतो. बऱ्याच मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ असतो त्यामुळे तिसरी वाट फुकटात होते. काही झालं तरी कॅमेऱ्याचा किंवा फायरवॉलच्या लॉगिनचा पोर्ट थेट बाहेर उघडायचा नाही.

व्हिडिओ कॉल अडखळतो त्याचं औषध

घरात कोणी मोठी फाइल चढवत असताना तुमचा कॉल तुटत असेल तर वेग कमी नाही, रांग लांब झालीय. फायरवॉल – शेपर मध्ये दोन पाइप करा, डाउनलोड नि अपलोड, प्रत्येकाला खऱ्या मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा, शेड्यूलर फ्लोक्यू-कोडेल. प्रत्येक पाइपला एक क्यू, आणि व्हॅनवर दोन नियम, इन दिशेला डाउनलोड, आउटला अपलोड. १०० च्या लाइनला ९० मिळतील पण कॉल हलणार नाही, हा सौदा मला नेहमीच पटलाय. सुरिकाटा म्हणजे घुसखोरी शोधणारं इंजिन मात्र इतक्यात चालू करू नका, लाइन मंद होते आणि येणाऱ्या इशाऱ्यांतले बहुतेक काय म्हणतायत ते कळायला वेगळा अभ्यास लागतो.

लाइट, वीज आणि बॅकअप

१९ व्होल्टचा बोर्ड असल्याने राउटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस इथे चालत नाहीत, हा या बोर्डाचा तोटा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर लावा आणि इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू ठेवा म्हणजे बदल पटकन होतो. फायबरचा डबाही त्याच लाइनवर पाहिजे, नाहीतर फायरवॉल जागा आणि नेट झोपलेलं.

कोकणात किंवा घाटावर वळवाच्या पावसात जे पोर्ट जळतात ते बऱ्याचदा लॅनच्या वायरीतून. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण ऑपरेटर गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची वायर घरात सोडतो तिच्यातून नक्की येते. अशी जोडणी असेल तर ऑपरेटरला फायबर थेट घरात आणायला सांगा, किंवा मध्ये स्वस्तातले दोन मीडिया कन्व्हर्टर लावून थोडा तुकडा फायबरचा करा, जळला तर कन्व्हर्टर जळेल, आय३५० वाचेल.

आणि सिस्टिम – कॉन्फिगरेशन – बॅकअप्स मधून एक्सएमएल फाइल उतरवून फायरवॉलच्या बाहेर ठेवा, प्रत्येक मोठ्या बदलाआधी. त्या फाइलमध्ये पासवर्ड असतात म्हणून एन्क्रिप्टची खूण करून घ्या. नियम करताना स्वतःलाच बाहेर काढलंत तर घाबरू नका, स्क्रीन लावा, मेनूत १३ दाबा, मागची कॉन्फिगरेशन निवडा, दोन मिनिटांत परत आत. जुना राउटर महिनाभर तसाच सेटिंगसकट कपाटात ठेवा, फायबरवाल्याचा माणूस आला की त्याला तोच दाखवायचा, नाहीतर प्रत्येक तक्रारीला "तुमच्या डब्यामुळे होतंय साहेब" हेच उत्तर मिळतं.